परसातले बारा महिने : कॅलेंडरच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

भाऊबीजेला दादाने ओवाळणीत त्याचा जुना कॅमेरा घातला. कॅनन २००डी मार्क टू आणि ५५-२५० ची लेन्स. फुकट नाही, अट आहे: गुढीपाडव्याला चैत्र ते फाल्गुन असं घरचं कॅलेंडर हवं, बारा पानं, पंधरा प्रती, आणि सगळे पक्षी आपल्या परसातलेच. "कासचं पठारसुद्धा नाही चालणार," म्हणाला. स्वतः पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, त्याला अटी घालायला काय जातंय.

मुहूर्त बरा सापडला. आजपासून पक्षी सप्ताह, म्हणजे निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ तारखेच्या पक्षीतज्ज्ञ सालीम अलींच्या जयंतीपर्यंत.

परस म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवते. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याला घर. मागे साधारण वीस बाय तीस फूट जागा. जास्वंद दोन (लाल, एकेरी), शेवगा, पेरू, कढीपत्ता, एक पपई, धुण्याचा दगड, निळं पिंप, कपड्यांची दोरी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि मधे किल्ला, त्यामुळे आमच्या परसात ऊन उतरायला साडेआठ होतात. पक्ष्यांची गडबड मात्र सात ते आठ. म्हणजे उजेड नाही तेव्हा पक्षी आणि पक्षी नाहीत तेव्हा उजेड.

७ नोव्हेंबर

दोन दिवसांत २१४ फोटो. सगळे धुरकट. लेन्स पुसली, फोकस बघितला, दादाला फोन करून त्याच्या कॅमेऱ्याला नावं ठेवली. शेवटी आई म्हणाली, "अगं, डासांची जाळी मधे आहे ना."

होती.

९ नोव्हेंबर, शनिवार

जाळीची चौकट काढली. डास आत, फोटो स्वच्छ. स्वयंपाकघराची खिडकी हाच आपला मचाण. ओट्याच्या कडेला स्टूल, लेन्सचं तोंड गजांमधून बाहेर. पक्ष्यांना खिडकीतल्या हालचालीची सवय आहे, कारण आई तिथे रोज सकाळी तीन तास उभी असते. मी परसात जाऊन बसले की सगळं चिडीचूप, खिडकीत उभी राहिले की कोणी ढुंकून बघत नाही.

आजचा पाहुणा: थिरथिरा. नर, वरून कोळशासारखा काळा, पोट आणि शेपटी विटकरी. हिमालयातून आणि त्याही पलीकडून येतो, मार्चअखेर परत जातो. बसला की शेपटी थरथरवतो, म्हणून हे नाव. दोरीवर, लाल प्लॅस्टिकच्या चिमट्याशेजारी बसला. अठरा फोटो. एकात डोळा धारदार आलाय.

१२ नोव्हेंबर

रात्री लॅपटॉपवर पहिला क्रॉप. डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरते आहे, फुकट आहे आणि रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोला, हात लावत नाही, बदल वेगळे लिहून ठेवतं. म्हणजे कितीही घोळ घातला तरी मूळ फोटो शाबूत.

थिरथिऱ्याला कापत कापत चौकटभर केला. शेपूट ते चोच, बाकी काही नाही. फार खूश होऊन आईला दाखवला.

"छान आहे. कुठला?"

"आपला. दोरीवरचा."

"दोरी कुठाय?"

१७ नोव्हेंबर, रविवार

आज हिशोब मांडला, कारण कालचा क्रॉप मोठा करून बघितला तर पिसांच्या जागी लापशी दिसली.

कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. कॅलेंडरचं पान १२ बाय १८ इंच, त्यात वर फोटो १२ बाय ८, खाली तारखा. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फोटो ३६०० बाय २४०० हवा. २०० वर भागवलं तर २४०० बाय १६००. भिंतीवरचं कॅलेंडर हातभर अंतरावरून बघतात, तेव्हा २०० चालतील. त्याच्याखाली जायचं नाही, असं ठरवलं.

आता पक्षी. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत दहा सेंटीमीटर. खिडकीपासून जास्वंद सहा मीटर. २५० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम सव्वाचार मिलिमीटर पडते, म्हणजे साधारण ११०० पिक्सेल. म्हणजे २४०० च्या पानात तो आडवा बसला तरी अर्ध्याहून कमी. त्याला आणखी मोठा करायचा तर पिक्सेल फुगवायचे, नाहीतर मी पुढे सरकायचं. तीन मीटरवर गेले तर तोच २२०० पिक्सेलचा होईल. तीन मीटरवर गेले तर तो तिथे नसेल, हेही आहेच.

थोडक्यात, या खिडकीतून या लेन्सने चौकटभर शिंजीर मिळणारच नाही. पक्ष्याच्या बाजूला जागा राहणारच, मग त्या जागेत काय ठेवायचं हा खरा प्रश्न. आजवर क्रॉप करणं म्हणजे नको ते उडवणं असं मी समजत होते.

१८ नोव्हेंबर

थिरथिरा पुन्हा उघडला. या वेळी क्रॉप ३२०० रुंद. दोरी डावीकडून उजवीकडे आरपार, पक्षी उजव्या तिसऱ्या भागात, तोंड डावीकडे, समोर मोकळी जागा. चोच जिकडे तिकडे जागा सोडायची. नाहीतर पक्षी भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो.

अडचण चिमट्याची. शेपटी विटकरी, चिमटा लालभडक, नजर आधी चिमट्यावर जाते. तीन उपाय: चिमटा सॉफ्टवेअरने पुसायचा, क्रॉपच्या बाहेर घालवायचा, किंवा राहू द्यायचा. बाहेर घालवायला गेले तर दोरीची उजवी बाजू आखूड होते आणि चिमट्याचं एक टोक कडेला लटकत राहतं. कडेला अर्धवट वस्तू राहिली की तीच दिसत राहते. पुसणं दहा सेकंदांचं काम. पण निसर्गचित्रांच्या स्पर्धांत, फियाप, पीएसए, आरपीएस या छायाचित्रण संस्थांच्या सामाईक व्याख्येनुसार, क्रॉप करायला हरकत नसते, चित्रातली वस्तू काढणं किंवा घालणं मात्र बाद. मी काही स्पर्धेत नाही. तरी रेघ कुठेतरी मारायला हवी, तर हीच बरी: कापेन, पुसणार नाही.

आईचं मत वेगळ्या मुद्द्यावर आलं. "राहू दे. नवीन डझन आणलेत, त्यातला आहे."

चिमटा राहिला. फक्त लाल रंगाचा जोर थोडा उतरवला. हे पुसणं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिंजीर. मला वाटलं मादी, कारण वरून मातकट, खालून पिवळट. फोटो मोठा केला तर गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी जाड रेघ, शाई सांडून ओघळल्यासारखी. म्हणजे नर. विणीचा हंगाम संपला की जांभळा शिंजीर पिसं बदलतो आणि काही महिने मादीसारख्या साध्या कपड्यांत फिरतो, रेघ तेवढी ठेवून. थंडी सरायला लागली की पुन्हा जांभळा.

हाच नर मार्चपर्यंत इथेच राहिला तर कार्तिकाला हे रूप आणि चैत्राला ते, अशी दोन पानं होतील. एक पक्षी दोनदा आला तर दादा कुरकुरेल. कुरकुरू दे. (हाच नर आहे हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जास्वंद तीच एवढं नक्की.)

एक गंमत. तो फुलाच्या तोंडातून मध पीत नाही. एवढ्या मोठ्या फुलात त्याची चोच खालपर्यंत पुरत नसावी, म्हणून मागे जाऊन देठाजवळ, हिरव्या पेल्याशी भोक पाडतो आणि तिथूनच ओढतो. परागकणांचं काम न करता नुसता मध, सरळ चोरी. मी फुलाच्या समोरून नेम धरून बसलेली, आणि माझ्याकडे बत्तीस फोटो त्याच्या शेपटीचे. उद्यापासून फुलाच्या बाजूने.

१ डिसेंबर

बाजूने म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून. बादलीवर उभी राहून. नोंद एवढीच की बादली उलटी ठेवावी.

८ डिसेंबर

थंडी. सकाळी सातला आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० केल्याशिवाय शटर १/१००० सेकंदाला जात नाही, आणि त्याच्याखाली गेलं की शिंजिराचं डोकं हलतं. ३२०० वर काळ्या भागात रवा सांडल्यासारखे दाणे. डार्कटेबलमध्ये दाणे घालवले की पिसंही जातात, पक्षी साबणाचा केलेला वाटतो. दाणे ठेवले की निदान पक्षी वाटतो. अर्ध्यावर थांबले.

साडेआठचं ऊन आल्यावर उलट दुखणं. दयाळ, नर, काळापांढरा. काळ्यासाठी उजेड वाढवला की पंखावरची पांढरी पट्टी जळते, आणि जळलेल्या पांढऱ्यातून नंतर काही निघत नाही. अंधारातून थोडंफार काढता येतं. म्हणून पांढऱ्याला सांभाळून दोन घरं कमी उजेडात घ्यायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. हे मला कळायला चार सकाळी आणि एक दयाळ खर्ची पडला. परत आला नाही अजून.

१५ डिसेंबर, रविवार

पेरूखाली पाण्याची थाळी ठेवली, मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती मातीची. दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड. रोज सकाळी पाणी ओतून नवीन भरायचं, नाहीतर डासांची पैदास आणि नगरपालिकेच्या आधी आईची नोटीस.

दाणे टाकायचे नाहीत असं ठरलंय. टाकले की पारवे येतात, मग पारवेच राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही हेही ठरलंय. दादाने युक्ती म्हणून सुचवलं होतं. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो बिचारा भांडायला येतो आणि आपण फोटो काढतो. नको.

पहिल्या दिवशी थाळीवर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी बुलबुल, लालबुड्या, दोन. नंतर सातभाई आले. सात नव्हे, नऊ. धुण्याच्या दगडावर रांगेने ओले होऊन बसले आणि सगळे एकदम बोलत होते, हळदीकुंकवाला जमल्यासारखे.

२९ डिसेंबर

सातभाईंच्या त्या फोटोवर दोन तास गेले.

मूळ चौकटीत नऊ पक्षी, दगड, निळं पिंप, पिंपावर पालथी बादली (तीच), मागे विटांची भिंत. पहिला क्रॉप: तीन पक्षी, एकमेकांना चिकटलेले, पिवळे डोळे रागीट. सुंदर. कुठल्याही मासिकात चालेल असा. दुसरा क्रॉप: नऊही पक्षी आणि दगड, पिंप बाहेर. यात डावीकडचा पक्षी कडेला टेकतो, श्वास घ्यायला जागा नाही. तिसरा: पिंपासकट.

पिंपाचा निळा इतका बेशरम निळा आहे की राखी पक्षी त्याच्यापुढे मरतात. निळ्याचा जोर उतरवला तर पिंप आजारी दिसतं आणि भिंतही राखाडी पडते. मग पूर्ण फोटो कृष्णधवल करून बघितला. पिंप गेलं, पण पिवळे डोळेही गेले, आणि सातभाईच्या तोंडावरचा सगळा राग त्या डोळ्यांत असतो.

शेवटी तिसराच ठेवला, पिंप डाव्या कडेला निम्मं कापून. कडेला अर्धवट वस्तू नको, असं मीच १८ नोव्हेंबरला लिहिलंय. पण पिंप गोल आहे, निम्मं कापलं की उभा निळा पट्टा राहतो, भिंतीचा भाग असल्यासारखा. नियम चिमट्याला लागू, पिंपाला नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

लाल छातीचा माशीमार. चिमणीहून लहान, शेपूट वर उचलून मधूनच 'ट्र्र्र' असा खुळखुळ्यासारखा आवाज. लाल छाती नराला, तीही हनुवटीखाली केशरी ठिपक्याएवढीच. कढीपत्त्यात अंधारात बसतो.

एक फोटो आलाय: पानांची दाटी, मधे चिमुकला पक्षी, डोळ्यात उजेडाचा टिंब. तो टिंब नसेल तर पक्षी पेंढा भरलेला वाटतो. पुढच्या चार फोटोंत टिंब नव्हता, आणि पांढरा ठिपका डोळ्यात ठेवणं किती सोपं आहे ते मला माहीत झालंय. असलेला टिंब उजळेन, नसलेला लावणार नाही. टिंबवाल्या फोटोत चोचीवर एक पान आडवं आलंय, तरी तोच ठेवला.

१४ जानेवारी

संक्रांत. फोटो नाहीत. तीळ भाजताना खिडकीत शिंजीर दिसला, काळी रेघ रुंद झालीय, खांद्यावर चट्टे. अर्धवट रंगवलेली भिंत.

२६ जानेवारी, रविवार

पानं मोजली आणि पोटात गोळा आला.

माझ्याकडे कार्तिक, मार्गशीर्ष, पौष भरून वाहतायत. थिरथिरा, माशीमार, दोन्ही पाहुणे. आषाढात ते इथे नसतात, तेव्हा आषाढाच्या पानावर थिरथिरा म्हणजे उघड खोटं. आषाढ, श्रावण, भाद्रपदाला बारमाही पक्षी हवेत: बुलबुल, शिंपी, साळुंकी, होला. ते आहेत. पण त्यांच्या मागे काय आहे? वाळलेलं गवत, धूळ बसलेली पानं, पेरूची उघडी फांदी. श्रावणाच्या पानावर तपकिरी गवत बघून आत्या फोन करेल.

उपाय सरळ आहे. अगदी जवळून कापायचं. पक्षी चौकटभर, मागे नुसता धूसर रंग. मग तो पौष की श्रावण कोणाला कळतंय? गवतच उरणार नाही. वर हिरव्याची छटा किंचित वाढवली तर पावसाळाच.

दोन फोटो तसे करूनही बघितले. शिंपी फारच गोड दिसतो आहे.

२७ जानेवारी

रात्री झोप आली नाही अशातला भाग नाही, छान आली. पण सकाळी तो हिरवा शिंपी बघितला आणि तो आमच्या परसातला वाटेना. कुठल्याही परसातला झालेला. आई म्हणाली होती, "दोरी कुठाय?", ते आठवलं.

दादाला फोन. "अरे, पावसाळ्याच्या पानांना थंडीतले फोटो चालतील का?" तो म्हणाला, "कोण बघतंय?" ज्याने हे कॅलेंडर करायला लावलं त्यानेच हा प्रश्न विचारावा.

२ फेब्रुवारी, रविवार

तोडगा निघाला. प्रत्येक फोटोखाली बारीक अक्षरात टिपल्याची तिथी. आषाढाच्या पानावर शिंपी, खाली 'पौषात टिपलेला'. गवत आहे तसं तपकिरी. दोन पानांना तर वेगळीच लॉटरी: आईच्या मोबाइलमध्ये गेल्या वर्षीच्या श्रावणातला एक ओला बुलबुल सापडला. दोरीवर भिजून चिमणीएवढा झालेला, शेंडी चिकटलेली. आणि वळचणीला पाऊस चुकवणारी चिमणी. मोबाइलचे फोटो, कापायला वावच नाही, जसेच्या तसे घ्यावे लागतील. बुलबुलाच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात आईचा अंगठा आहे, तेवढाच क्रॉप केला.

आईला बारा पानांची यादी वाचून दाखवली. भाद्रपदाला माघातली साळुंकी म्हटल्यावर म्हणाली, "चालेल. ती काय बारा महिने भांडतच असते."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून चार दिवस जगभर परसातली पक्षीगणना, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, भारतातून २०१३ पासून नोंदी जातात. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसेल ते मोजायचं, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचं.

कॅमेरा बाजूला ठेवून पंधरा मिनिटं नुसती खिडकीत उभी राहिले. १४ जाती. तीन महिन्यांत ज्यांचा एकही फोटो नाही असे त्यातले तीन: वरून घिरट्या घालणारी घार, पलीकडच्या पिंपळावर ओरडणारा तांबट, आणि राखी वटवट्या, जो इथे रोज असणार आणि मी कधी बघितलाच नव्हता. तांबट माझ्या वैशाखाच्या यादीत आहे आणि तो आमच्या कुंपणाबाहेर बसतो.

१६ फेब्रुवारी

शिंजीर पूर्ण रंगात!

सव्वानऊचं ऊन, शेवग्याला पांढरी फुलं, तो फांदीच्या टोकाला. मान डावीकडे: काळा. मान समोर: जांभळा, त्यात हिरवट झाक. मान पुन्हा डावीकडे: काळा. एका सेकंदाला पाच फोटो, त्या पाचांत तीन पक्षी वाटावेत इतके रंग. त्या पिसांत जांभळा असा रंगच नाही. आत काळ्या मेलॅनिनचे पातळ थर आहेत आणि उजेड त्यांच्यावरून एका ठराविक कोनात परतला की जांभळा दिसतो. थिरथिऱ्याची विटकरी शेपटी सावलीतही विटकरी, याचं तसं नाही.

मग खरा रंग कोणता धरायचा? एडिटमध्ये जांभळा थोडा ओढला तर थेट लग्नातला शालू होतो. ओढला नाही तर दहापैकी आठ फोटो कावळ्याचे. जोर अजिबात वाढवला नाही, फक्त उजेड एक घर चढवला, सकाळचा निळसरपणा काढला. पाचातला तिसरा फोटो घेतला. क्रॉप २६०० रुंद, शेवग्याची फांदी खालून तिरपी वर, पक्षी डावीकडच्या टोकाला, उजवीकडे नुसतं फिकट आकाश, जवळजवळ निम्मं पान रिकामं.

दादाचा मेसेज: 'एवढी जागा वाया का घालवलीस? जवळ घे ना.' उत्तर दिलं की जवळ घेतला तर १९०० पिक्सेल उरतात, आणि तो उजवीकडे बघतोय, त्याला बघायला जागा हवी. त्याने अंगठा पाठवला. पटलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, कळायला मार्ग नाही.

२ मार्च, रविवार

तांबट कुंपणाच्या आत आला. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर, अडीच मिनिटं. कपाळ लाल, गळा पिवळा, चेहरा जत्रेतल्या बाहुलीचा. फोटोत फांदी मधोमध आडवी आहे आणि मला कसलाच सुंदर क्रॉप सापडला नाही. तसाच घेतला. पक्षी आला हेच खूप.

९ मार्च

थिरथिरा गेल्या आठवड्यापासून नाही. चिमटा आहे.

आई म्हणते, शिंजिराची मादी जास्वंदीत सारखी चोचीतून काहीतरी आणते आहे. बघितलं तर कोळ्याची जाळी आणि कापसासारखं काही. खालच्या फांदीला लोंबतं बोळकं होतंय. सगळं काम ती एकटी करते, नर शेजारच्या फांदीवर गातो. खिडकीतून चार मीटर. लेन्सने एकदा बघितलं, मग बाथरूमची खिडकी लावून घेतली. कॅलेंडरची पानं भरलीच आहेत. दोरी आता पेरूच्या बाजूला बांधायची, आईनेच ठरवलं.

१८ मार्च

छापखान्यातून नमुन्याची पानं आली. दोन धक्के.

पहिला: मशीन कापताना चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जातात. मी फोटो अगदी मापाने कापून दिलेले. माशीमाराची वर उचललेली शेपटी मी वरच्या कडेपासून केसभर खाली ठेवली होती, तिचं टोक गेलं. तीन महिने मी कडा सांभाळत बसले आणि शेवटचा क्रॉप कटिंग मशीनने केला. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "ताई, ब्लीड नाही ठेवलं?" ब्लीड म्हणजे कापून जाण्यासाठीच वाढवलेली कड. आता बाराही पानं पुन्हा उघडून प्रत्येक बाजूने तीन मिलिमीटर जास्त द्यायचं. सुदैवाने रॉ फाइल अखंड आहेत, कापलेलं परत मिळतं.

दुसरा: शिंजीर काळा. पूर्ण काळा. स्क्रीनवर झगमगणारा जांभळा कागदावर डांबर. त्या मुलाने समजावलं की स्क्रीन स्वतः उजेड टाकते, छपाईत चार शाया एकमेकींवर बसतात आणि गडद जांभळा-निळा त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. "वाढवून देऊ का?" म्हणाला. वाढवून दिला. वांगं आलं.

२१ मार्च

जोर वाढवण्याऐवजी उजेड चढवून, काळा जरा सैल करून नवीन फाइल केली. नमुना बरा आला. छातीवर जांभळ्याची पुसट झाक, बाकी काळा. आईने पान खिडकीजवळ धरलं, बाहेर बघितलं. नर सावलीत बसलेला.

"असाच दिसतो की."

चैत्राचं पान नक्की.

२९ मार्च, शनिवार

पंधरा प्रती आल्या. वास ताज्या शाईचा. आश्विनात पिंप आहे, मार्गशीर्षात चिमटा. पौषाची शेपटी अख्खी आहे. भाद्रपदाच्या पानावर 'माघात टिपलेली' ऐवजी 'माघात टिपलेला' छापलंय, साळुंकीला. पंधराही प्रतींत. पेनाने काना खोडून वेलांटी काढत बसले.

३० मार्च, रविवार

पाडवा. शके १९४७. गुढी उभी केली, कॅलेंडर स्वयंपाकघरात खिडकीच्या बाजूला लावलं. दादा आलाय. सगळी पानं उलटून बघितली आणि म्हणाला, "सातभाई जवळून हवे होते."

२ एप्रिल

सकाळी चहाला गेले तर चैत्राच्या पानावर, शिंजिराच्या चोचीपुढच्या मोकळ्या आकाशात, निळ्या बॉलपेनने आईचं अक्षर: 'सिलेंडर लावला २/४'.

खाली तारखांच्या चौकटी आहेत, तिथे का नाही लिहिलं, असं विचारलं.

"ती घरं बारकी आहेत गं. इथे कशी ऐसपैस जागा सोडलीयेस."